युक्त विद्यार्थी: अभ्यासाच्या वर्षांत तन आणि मन कसे सांभाळावे?



दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांतून मुले-मुली शिक्षणासाठी बाहेर पडतात. कोणी नांदेडहून पुण्याला जाते, कोणी बडोद्याहून बंगळुरूला, कोणी इंदूरहून दिल्लीला. जाण्याआधी सगळे घर फी, वसतिगृहाची खोली, लॅपटॉप आणि रेल्वेचे आरक्षण यांच्या धावपळीत असते. मुले पोहोचली की फोन सुरू होतात. घरचे विचारतात, "अभ्यास चालू आहे ना?" केंद्रातील ज्येष्ठ साधक विचारतात, "साधना चालू आहे ना?"

दोन्ही प्रश्न प्रेमापोटीच विचारलेले असतात. पण या दोन्हींच्या मध्ये तिसरा प्रश्न राहून जातो. तू जेवतोस का, तुला झोप लागते का, तुझे मन कसे आहे? हा प्रश्न न विचारण्याची किंमत मोठी असू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार 2022 या एका वर्षात आपल्या देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणजे दररोज सरासरी सुमारे 36 मुले. त्यांपैकी अनेकांच्या घरीही "अभ्यास चालू आहे ना?" हे रोज विचारले जात असेल.

या पाठात आपण एकच गोष्ट समजून घेणार आहोत. शरीर आणि मन हा अभ्यासाचाही पाया आहे आणि साधनेचाही. तो पाया सांभाळायला विद्यार्थ्याला उपदेशाच्या आधी अन्न, झोप आणि ऐकून घेणारे माणूस लागते. आपल्यापैकी कोणी स्वतः विद्यार्थी असेल, कोणी आई-वडील, तर कोणी एखाद्या महाविद्यालयाजवळ राहणारे साधक. प्रत्येकाला यात करण्यासारखे काहीतरी आहे.

1. अर्जुनाचे शरीर आधी बोलले

भगवद्गीतेचा आरंभ आपण अनेकदा घाईने वाचतो आणि दुसऱ्या अध्यायाकडे जातो. पहिल्या अध्यायातील 28 ते 30 हे श्लोक एकदा सावकाश वाचून पाहा. अर्जुन आपली अवस्था सांगतो आहे. अवयव गळून गेले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग थरथरते आहे, अंगावर काटा आला आहे, हातातून धनुष्य निसटते आहे, त्वचेची आग होते आहे, उभे राहवत नाही आणि मन गरगर फिरते आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात राहणाऱ्या कोणालाही ही यादी परकी वाटणार नाही. हातातून निसटते ते धनुष्य नसते, पेन असते, एवढाच फरक. अर्जुन दुबळा नव्हता, आळशी नव्हता, त्याची तयारीही कमी नव्हती. तरीही मनावर पेलवणार नाही एवढा भार आला, तेव्हा तो आधी शरीरातून व्यक्त झाला.

यातून पहिला धडा मिळतो. एखादा विद्यार्थी "पोटात दुखतंय", "डोकं जड झालंय", "छातीत धडधडतंय" असे वारंवार सांगत असेल, तर त्याला "नाटके करू नकोस" म्हणू नये. ते दुखणे खरे असते. कधी त्याचे मूळ शरीरात असते, कधी मनात, तर कधी दोन्हीकडे.

2. 'युक्त' या शब्दाचा अर्थ

सहाव्या अध्यायातील 16 आणि 17 हे श्लोक विद्यार्थ्यांसाठीच सांगितले असावेत असे वाटते. भगवंत म्हणतात की अती खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. अती झोपणाऱ्याला साधत नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. मग कोणाला साधतो? ज्याचा आहार, विहार, कर्मातील प्रयत्न आणि झोप-जागरण हे सगळे 'युक्त' आहे त्याला. युक्त म्हणजे योग्य प्रमाणात, जोडलेले, ताळ्यावर असलेले.

येथे चार गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत, हे लक्षात घ्या. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना यासाठी एक ओळखीचे उदाहरण देता येईल. सीएच्या परीक्षेत प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि त्या गटाच्या एकूण गुणांत किमान 50 टक्के लागतात. एका पेपरात 90 मिळवले आणि दुसऱ्यात 30 पडले, तर त्या 90 चा आधार पुरत नाही. शरीराचा हिशेब असाच आहे. रोज एक तास ध्यान केले, पण झोप चारच तास झाली, तर ध्यानाचे गुण झोपेच्या खात्यात वळते होत नाहीत. प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावेच लागते.

आता हे चारही विषय एकेक करून पाहू.

झोप. 18 ते 25 वर्षांच्या वयात साधारणपणे 7 ते 9 तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. म्हणून परीक्षेच्या आधी 'नाइट मारणे' हा तोट्याचा व्यवहार आहे. पाने जास्त उलटली जातात, पण सकाळी पेपर हातात आल्यावर आठवायला हवे ते आठवत नाही. रात्री 10 वाजता घेतलेल्या कॉफीतील कॅफीन शरीरात निम्मे व्हायलाच सुमारे 5 तास लागतात. म्हणजे पहाटे 3 वाजता त्यातले अर्धे अजून आपल्या अंगात असते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी, हा सल्ला एवढ्यासाठी.

येथे साधकांसाठी एक विशेष सूचना. ब्रह्ममुहूर्तावर उठण्याची आपली परंपरा सुंदर आहे. पण ती पाळायची तर सुरुवात आदल्या रात्री करावी लागते. रात्री 1 वाजता झोपून 4.30 ला उठणारा विद्यार्थी व्रत पाळत नसतो, तो झोपेची उधारी वाढवत असतो. रात्री 9.30-10 ला दिवा मालवता येत असेल तर पहाटे अवश्य उठावे. प्रयोगशाळा, शिकवणी किंवा आर्टिकलशिपमुळे ते शक्य नसेल, तर काही महिने उशिरा उठून साधना करण्यात कमीपणा मुळीच नाही.

आहार. मेसचे जेवण हा सगळ्या वसतिगृहांचा रोजचा विषय. ते बदलणे आपल्या हातात नसते, पण त्याला जोड देता येते. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, मोड आलेली मटकी, केळी, दही या गोष्टी स्वस्त आहेत आणि त्यांना शेगडी लागत नाही. सकाळचा नाश्ता चुकवून 11 वाजता टपरीवर चहा-बिस्कीट आणि दुपारी 3 ला वडापाव ही दिनचर्या अनेकांची असते. सकाळी बाहेर पडताना मूठभर शेंगदाणे आणि एक केळे खाल्ले, तरी दुपारपर्यंतचे लक्ष सुधारते.

उपवासाबद्दलही स्पष्ट बोलू या. परीक्षेच्या दिवसांत एकादशी किंवा नवरात्र आले, तर विद्यार्थ्याने पोटाचा उपवास करण्याऐवजी मोबाइलवरच्या करमणुकीचा उपवास करावा. त्यात संयम कमी लागत नाही.

विहार. विहार म्हणजे मोकळे फिरणे, खेळणे, मनाला विसावा. प्रौढांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालले की हे गणित पूर्ण होते. वर्गापर्यंत चालत जाणे, संध्याकाळी मैदानावर उतरणे, सकाळी 12 सूर्यनमस्कार, जे जमेल ते करावे. पुस्तक किंवा पडदा सतत डोळ्यांसमोर असेल, तर दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 20 फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे. डोळ्यांना विश्रांती मिळते आणि मानही मोकळी होते.

कर्म. अभ्यासही युक्त असावा. सलग पाच तास खुर्चीत बसणे आणि पाच तास अभ्यास होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 45-50 मिनिटे वाचून 10 मिनिटे उठावे, पुस्तक मिटून काय आठवते ते कोऱ्या कागदावर लिहून पाहावे आणि तोच भाग दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावा. असा अभ्यास कमी तासांत होतो आणि झोपेसाठी वेळ उरतो.

3. आळस म्हणण्याआधी रक्त तपासा

"हल्ली ही सारखी झोपूनच असते", "याचे कशात लक्षच नसते", "पूर्वी अशी नव्हती". आई-वडिलांच्या तोंडी ही वाक्ये नेहमी येतात. यामागे कधीकधी अगदी साधे शारीरिक कारण असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये हे प्रमाण 59 टक्के होते. पुरुषांमध्येही ते 25 टक्के होते. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर जिना चढताना धाप लागते, दिवसभर थकवा राहतो आणि मन एकाग्र होत नाही. अशा मुलीला आपण "जप कर म्हणजे उत्साह येईल" असे सांगत राहिलो, तर तिला उत्साह येणार नाहीच, उलट आपली साधनाच कमी पडते आहे असे अपराधीपण मात्र येईल.

आपल्यातील बहुतेक जण शाकाहारी आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट. जीवनसत्त्व बी-12 वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते. मेसमध्ये राहणाऱ्या मुलांचे दूध-दही सुटले की हळूहळू त्याची कमतरता होऊ शकते. थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, उदासपणा अशी लक्षणे त्यातून दिसतात. थायरॉइडच्या बिघाडातही थकवा आणि उदासी येते.

म्हणून एक सोपा नियम ठेवावा. मुलाचा किंवा मुलीचा थकवा दोन-तीन आठवडे टिकला, तर स्वभावावर टीका करण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्ताची तपासणी करून घ्यावी. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर ते संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. आहारात पालेभाज्या, कडधान्ये, अळिवाचे लाडू असावेत. जेवणावर लिंबू पिळून घ्यावे, त्यामुळे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, त्यामुळे ते कमी शोषले जाते. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

4. श्रीकृष्णाने आधी ऐकले

आता मनाकडे वळू. पहिल्या अध्यायात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्या संपूर्ण अध्यायात भगवान श्रीकृष्ण एकदाच बोलतात, तेही जमलेल्या कौरवांकडे पाहा एवढेच. त्यानंतर अर्जुन आपले दुःख, भीती, तर्क, उलटसुलट विचार सगळे सांगतो आणि शेवटी धनुष्य टाकून रथात बसतो. भगवंत मध्ये बोलत नाहीत. सर्वज्ञ असूनही ते ऐकत राहतात.

दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते अर्जुनाला कठोर शब्दांत उठायला सांगतात. त्याने काय होते? अर्जुन उठत नाही. आपले मन गोंधळले आहे, मला शिकवा, असे तो सांगतो आणि मग "लढणार नाही" म्हणून गप्प होतो. खरी शिकवण सुरू होते ती यानंतर. नुसत्या "धीर धर, ऊठ" या शब्दांनी खचलेला माणूस उभा राहत नाही, हे गीतेनेच आपल्याला दाखवले आहे.

आपण मात्र बहुतेक वेळा ऐकण्याची पायरी गाळतो. मुलगी म्हणते, "बाबा, मला इथं जमेल असं वाटत नाही." आपण लगेच म्हणतो, "असं कसं? आम्ही तर कंदिलाखाली शिकलो." संभाषण तेथेच संपते. पुढच्या वेळी ती फोनवर "सगळं ठीक आहे" एवढेच सांगते आणि आपल्याला बरे वाटते.

त्याऐवजी असे करून पाहा:

• फोनवर पहिला प्रश्न गुणांचा नसावा. "आज काय जेवलीस?", "रूममेटशी जमतंय का?", "रात्री झोप लागते का?" अशा प्रश्नांनी सुरुवात करावी.
• ती बोलत असताना उपाय सुचवण्याची घाई करू नये. "मग काय झालं?", "तुला फार जड गेलं असेल" एवढे म्हणणेही पुरते.
• शेजारच्या, नात्यातल्या किंवा केंद्रातल्या दुसऱ्या मुलाशी तुलना कधीही करू नये.
• तिने विश्वासाने सांगितलेले सत्संगात उदाहरण म्हणून सांगू नये, नाव न घेतासुद्धा. ओळखणारे ओळखतात.

घरापासून दूर गेलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते ती भाषेची. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा एकदम इंग्रजी व्याख्यानांत आणि आजूबाजूच्या हिंदी, कन्नड किंवा तेलुगू गप्पांत येऊन पडतो. परक्या भाषेत तो परीक्षा देऊ शकतो, पण दुःख सांगू शकत नाही. पहिल्या सत्रात त्याला आठवड्यातून एकदा मनसोक्त मराठी बोलायला मिळाले, तरी निम्मा एकटेपणा सरतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मराठी साधकांना ही सेवा सहज करता येईल.

5. साधनाही आणि उपचारही

हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण येथे आपल्यासारख्या साधकांचीच गफलत होण्याचा संभव अधिक असतो.

प्राणायाम, ध्यान, जप, प्रार्थना यांनी मनाला स्थैर्य मिळते, हा आपला अनुभव आहे. रोजचा ताण, परीक्षेची भीती, चिडचिड यांवर त्यांचा चांगला उपयोग होतो. पण नैराश्य, तीव्र चिंताविकार यांसारखे आजार हे आजार आहेत. मधुमेह झालेल्या साधकाला आपण "ध्यान कर, गोळ्या सोड" असे सांगत नाही. मनाच्या आजारातही तसे सांगू नये. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधे स्वतःच्या किंवा कोणा साधकाच्या सल्ल्याने अचानक बंद करणे धोक्याचे ठरू शकते. जे उपचार घेत आहेत, त्यांनी दीर्घ मौन किंवा ध्यान शिबिरात बसण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि शिबिराच्या संयोजकांनाही विश्वासात घ्यावे.

पुढील चिन्हे दिसली तर ती "वयाचा परिणाम" म्हणून सोडून देऊ नयेत:

• दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ सतत उदासी, कशातच रस न वाटणे.
• झोप आणि भूक यांत मोठा बदल.
• मित्रांपासून, घरच्यांपासून तुटून राहणे, वर्ग आणि परीक्षा चुकवणे.
• "माझा सगळ्यांना भार होतो", "मी नसलेलाच बरा" अशी भाषा.
• आवडत्या वस्तू अचानक वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे.
• नशेची सवय लागणे किंवा वाढणे.

अशा वेळी शांतपणे, थेट विचारावे, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले याने मन मोकळे होते. उत्तर होकारार्थी आले तर घाबरून रडू नये, रागावू नये, पापपुण्याचे प्रवचन देऊ नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरच्यांपैकी ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याला कळवावे आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे. तातडीचा धोका असेल तर 112 वर फोन करावा.

मदत कोठे मिळते, हे प्रत्येक साधकाच्या वहीत लिहिलेले असावे. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य समुपदेशन मिळते आणि मराठीतूनही बोलता येते. रॅगिंगचा त्रास असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची मदतवाहिनी 1800-180-5522 ही आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लपवण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. आपल्या महाविद्यालयात तो कोण आहे, कोणत्या खोलीत आणि कोणत्या वेळी भेटतो, हे विद्यार्थ्यांनी सत्राच्या सुरुवातीलाच माहीत करून घ्यावे.

6. फळाची आसक्ती कोणी सोडायची?

कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, ही गीतेची शिकवण आपण परीक्षेच्या वेळी मुलांना हमखास सांगतो. पण निकालाच्या दिवशी संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडून पाहणारे आपणच असतो. निकाल लागताच नातेवाइकांना काय सांगायचे, ही काळजीही आपलीच असते. मुलाला निष्काम कर्म शिकवायचे आणि स्वतः मात्र त्याच्या फळाची आस धरायची, हे बरोबर नाही. ही शिकवण आधी आई-वडिलांनी आचरावी.

निकाल लागण्यापूर्वीच मुलाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे, "काहीही लागो, संध्याकाळी आपण एकत्र जेवू." हे निकालानंतर सांगण्यापेक्षा आधी सांगण्याला अधिक मोल आहे. सीएचे फाउंडेशन आणि इंटर या परीक्षा 2024 पासून वर्षातून तीनदा होतात. बहुतेक परीक्षांना पुन्हा बसता येते. ही व्यवहारातली गोष्ट मुलांना माहीत असते, पण घरच्यांनाही ती मान्य आहे हे त्यांना ऐकायचे असते.

शाखा किंवा अभ्यासक्रम चुकला असे एखाद्याला मनापासून वाटत असेल, तर तेही ऐकून घ्यावे. अठराव्या अध्यायात सगळे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर. प्रत्यक्ष भगवंतांनी निर्णय शिष्यावर सोपवला. आपणही तेवढा विश्वास दाखवू शकतो.

7. केंद्राने काय करावे?

विद्यार्थ्यांच्या पोटाची काळजी घेणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पूर्वी पुण्यासारख्या गावी शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार. त्या पद्धतीत जातीची कुंपणे होती आणि मुलांच्या वाट्याला मिंधेपणाही येई. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिले. शिक्षण आधी ताटातून सुरू होते, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच भावनेने आपल्या केंद्रांना पुढील गोष्टी करता येतील:

• महाविद्यालयाजवळ राहणाऱ्या साधक कुटुंबाने आठवड्यातून एक वार एका-दोन विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवावे. जेवणाच्या बदल्यात प्रवचन ऐकण्याची अट नसावी. वरण-भात, भाजी-पोळी आणि गप्पा एवढे पुरेसे आहे.
• परीक्षेच्या महिन्यात विद्यार्थी साधकांना सेवेतून मोकळे करावे. उत्सवाची सजावट, भाषांतर, नोंदणी ही कामे त्या काळात इतरांनी वाटून घ्यावीत. "सेवा केलीस की गुरुकृपेने पेपर सोपा जाईल" असे कोणी म्हणू नये.
• युवा सत्संगात तीन महिन्यांतून एकदा डॉक्टर किंवा समुपदेशक असलेल्या साधकाचे सत्र ठेवावे. प्रश्न चिठ्ठीवर, नावाशिवाय विचारता यावेत.
• सत्संगाला नेहमी येणारे एखादे मूल दोन आठवडे दिसले नाही, तर कोणीतरी फोन करावा. "का आला नाहीस?" असा जाब नको, "कसा आहेस?" एवढेच विचारावे.

8. विद्यार्थी साधकांसाठी या आठवड्याचा अभ्यास

प्रिय विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, पुढील सात दिवस रोज रात्री वहीत पाच ओळी लिहा. किती तास झोपलो, किती वेळा नीट जेवलो, किती मिनिटे चाललो किंवा खेळलो, किती वेळ मन लावून अभ्यास केला आणि आज कोणाशी मनापासून बोललो. स्वतःला गुण देऊ नका, फक्त नोंद ठेवा. आठव्या दिवशी ती पाने वाचा. सर्वांत रिकामी ओळ कोणती, ते दिसेल. पुढच्या आठवड्यात तेवढी एकच ओळ सुधारायची. चारही बाजूंनी एकदम बदल करायला गेले की तीन दिवसांत सगळे सुटते.

रोज सकाळी किंवा झोपण्यापूर्वी 10 मिनिटे शांत बसा. श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. मन भटकले तर रागावू नका, हळूच परत आणा. एखाद्या दिवशी तेही जमले नाही, तर झोपून जा. तुमच्यावर कोणी रुष्ट होत नाही.

आणि मन फार जड झाले, तर कोणाला तरी सांगा. अर्जुनानेही सांगितले होते. त्याने दुःख लपवून रथ पुढे नेला असता, तर आपल्याला गीता मिळाली नसती.

मननासाठी प्रश्न

1. गेल्या महिन्यात आपल्या ओळखीच्या विद्यार्थ्याला आपण विचारलेले पहिले तीन प्रश्न कोणते होते?
2. 'युक्त' या कसोटीवर माझा आहार, विहार, कर्म आणि झोप यांपैकी कोणती गोष्ट सर्वांत मागे आहे?
3. एखाद्याचे दुःख मी मध्ये न बोलता शेवटपर्यंत शेवटचे कधी ऐकले?
4. माझ्या केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोणते महाविद्यालय किंवा वसतिगृह आहे? तेथील एकाही विद्यार्थ्याला मी नावाने ओळखतो का?

संकल्प

या आठवड्यात घराबाहेर राहून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी फोन करीन किंवा जेवायला बोलवीन. अभ्यास आणि निकाल यांचा विषय मी स्वतःहून काढणार नाही. तो जे सांगेल ते ऐकीन.